होटगीकडं ढकला!

मी सोलापूरच्या जुन्या इंजिन शेडमागचा फिरता पूल आहे, मित्रांनो. नावाला पूल, खाली नदी नाही, ओढा नाही. एक गोल खड्डा आणि मधोमध मला पेलणारा खुंटा. वाफेचं इंजिन माझ्यावर उभं राहायचं. दोन टोकांना दोन खलाशी, म्हणजे रेल्वेचे मजूर, दांड्यांना छाती लावायचे आणि ते अवाढव्य धूड अलगद उलट्या दिशेला तोंड करायचं. काय थाट होता माझा! इंजिनं तोऱ्यात शिट्ट्या मारायची, पण माझ्याशिवाय त्यांना वळता येत नव्हतं. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो.

मग डिझेल आलं. ते दोन्हीकडं पळायचं, त्याला माझी गरजच नव्हती. माझ्या खड्ड्यात बाभळी माजल्या. शेजारचे मालडबे एकेक करून भंगारात गेले. मला उचलून न्यायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून मी राहिलो.

यंदा शेड जतन करायचं ठरलं. मी हरखलो. उरलेले दोन मालडबे रंगवले, पाण्याची टाकी घासली. आणि माझा खड्डा? मातीनं बुजवून वर हिरवळ लावायची म्हणे! त्यात पडून एका शेळीचा पाय मोडला होता. म्हणजे मला रंगवायचं, कमरेपर्यंत पुरायचं आणि वर त्याला जतन म्हणायचं. राग येणार नाही तर काय!

माझ्या बाजूनं दोनच म्हातारे बोलले. हरिदास, माझा जुना खलाशी, आणि मकदूम, इंजिनाचा ड्रायव्हर. कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअर माजिदाबाईंना हरिदास म्हणाला, "बाई, ह्यो अजून फिरतोय. एकदा बगा तरी."

"फिरला तर भोवती कठडा बांधते," बाई म्हणाल्या. "नाही फिरला, तर माती टाकायलाच लागेल, काका."

दोघांनी आठवडाभर माझ्या खुंट्यात तेल ओतलं. ठरल्या दिवशी निम्मी वस्ती लोटली. एका टोकाला हरिदासची माणसं, दुसऱ्या टोकाला मकदूमची. मातीचा ट्रक शेजारीच उभा. होटगी हे आमच्या शेजारचं स्टेशन; त्या दिशेला हात करून हरिदास ओरडला, "होटगीकडं ढकला!"

सगळ्यांनी जीव तोडून ढकललं. मी हललो नाही. पुन्हा ढकललं. छे! मला रडू आवरेना. मकदूम तर दांडा सोडून मटकन खालीच बसला.

माजिदाबाई पुलाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. "मकदूमचाचा, तुम्ही कुठं ढकलत होता?"

"होटगीकडं."

"आणि हरिदासकाका?"

"आमी बी होटगीकडंच की!"

"अहो, दोघंही एकाच बाजूला ढकलल्यावर हा फिरणार कसा?"

हरिदासनं कपाळावर हात मारला. उत्साहाच्या भरात तो सगळं विसरला होता. आणि मकदूमनं तर जन्मात मला ढकललं नव्हतं. तो वर इंजिनात बसून नुसते हुकूम सोडायचा!

मग मकदूमची माणसं दांड्याच्या पलीकडून उलटी लागली. बाईंनीही पदर खोचला. आधी मी कण्हलो. गंजाचे पोपडे गळाले. आणि मित्रांनो, मी फिरलो! हरिदास रडत रडत माझ्याबरोबर चालत होता.

"माती परत न्या," माजिदाबाईंनी ट्रकवाल्याला सांगितलं.

आता कठडा झालाय. मित्रांनो, जुन्या वस्तूंना रंग जरूर द्या, पण त्यांचं काम काढून घेऊ नका. माझे फोटो काढून झाले, की आत या, दांड्याला छाती लावा. मी अजून फिरतो.