रंगुबाई वीज केंद्र बघायला जाते

कुपवाडच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकलेला दिग्विजय विदर्भातल्या एका मोठ्या औष्णिक वीज केंद्रावर कामाला लागला होता. तिथं कोळशाचे जुने संच मोडीत काढून नवे उभे करत होते. बॉयलरचं काम वर्षभर तरी सरणार नव्हतं. क्वार्टर मिळाली तसा त्याचा फोनवर एकच धोशा, "सोनिया, पोरीला घेऊन ये की गं."

सोनियाचा जीव दोन्हीकडं ओढायचा. सृष्टी अजून धड चालतही नव्हती आणि जरा गार वारं लागलं की तिची छाती घरघरायची. सोनिया बी.एस्सी. झालेली. कोळशाच्या धुराड्यातून उडणाऱ्या राखेबद्दल मोबाईलवर सापडेल ते वाचायची आणि आणखीच घाबरायची.

"आत्या, काय करू मी?" शेवटी तिनं सासूलाच विचारलं.

रंगुबाईचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. "तळ हलवायचा तर घरचं एक माणूस आदी पुडं जातं," ती म्हणाली. "पानी बघतं, पाला बघतं. मी जाते की!"

आणि खरंच भाकरी-चटणीचं गठुडं बांधून ती रेल्वेत बसली. सोनियाला मात्र भरवसा वाटेना. एकुलत्या लेकासाठी आसुसलेली म्हातारी 'नगं' कशाला म्हणेल?

चार-पाच दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. आधी नुसता पदरच दिसला, मग कडुनिंबाची फांदी.

"दिसतंय का गं?" रंगुबाईनं पानावरून बोट ओढलं. बोट करडं झालं. "नव्या धुराड्याला राख धरायची मशिनं बसवल्यात, त्ये लय ब्येस हाय. पर जुनं अजून चालूच. असला पाला माजी मेंढरंबी खायाची न्हाईत. पोरीला आत्ता आणू नगंस."

मागून दिग्विजय ओरडला, "आये, तू माजी हायस का तिची?"

"गप रं! जुनं कवा बंद करनार?"

"दिवाळी झाल्यावर."

"मग तवर मी हितंच ऱ्हाते, तुला भाकऱ्या करून घालते. बंद झालं की पुन्यांदा बघते आन् मग बोलावते तिला."

सोनियाला हसू फुटलं, डोळेही भरले. सृष्टीला फोनपुढं धरून ती म्हणाली, "आवं, रजा मिळत असली तर तुमीच या की चार दिवस. पोरगी वळखती का बघा."

"येऊ दे त्याला," रंगुबाई मधेच बोलली. "पर कामावरची कापडं हितंच ठिवून घेते. आंगूळ घालूनच पाठवते."