लॅपटॉपच्या घशातला सैतान

चर्चच्या तळघरात त्या बुधवारी मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. कोणी खायला आणलेल्या पेपरोनी रोलच्या परातीसुद्धा उघडल्या नव्हत्या. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या लॅपटॉपवर आणि त्यापुढे डोळे मिटून डोलणाऱ्या धर्मोपदेशक ब्रदर डॉर्सीवर.

"निघ, मुक्या सैताना! सोड या यंत्राचा घसा!" डॉर्सीनं आरोळी ठोकली. डावा हात कोटाच्या खिशात, उजव्या हातात तेलात भिजवलेला प्रार्थनेचा रुमाल. तो त्यानं लॅपटॉपवर आपटला. "बोल, सिस्टर व्हर्लीन!"

"हॅलो?" लॅपटॉपसमोर बसलेली व्हर्लीन म्हणाली.

"हां, आता येतोय आवाज," पडद्यावरून परीक्षा घेणाऱ्या शिक्षिका मिसेस प्रुइट म्हणाल्या. चाळीस माणसं ढसाढसा रडली. संगणकाचा आवाज परत आला म्हणून रडणारी माणसं व्हर्लीननं जन्मात पहिल्यांदाच पाहिली.

तिला मात्र रडायला फुरसत नव्हती. खाण बंद पडली, पाठोपाठ नवरा रॉस्को वारला. वृद्धाश्रमात रुग्णसेविकेची नोकरी मिळणार होती, पण लॅपटॉपवरून होणारी तोंडी परीक्षा पास झाली तर. दरीतल्या या गावात इंटरनेट फक्त या तळघरात. परीक्षेच्या मधोमध दोनदा आवाज गेला होता. आज नुसती आवाजाची चाचणी, उद्या परीक्षेची तिसरी खेप. तीही हुकली तर यादीतून नाव कायमचं कटणार होतं.

"सैतान तात्पुरता हललाय," डॉर्सी तिला बाजूला घेऊन म्हणाला. "कायमचा घालवायचा तर त्याग हवा. रॉस्कोचा ट्रक प्रभूच्या कामी दे."

"मग मी कामावर जायची कशी?"

"श्रद्धेनं, सिस्टर."

वृद्धाश्रम अठ्ठावीस मैलांवर होता. डॉर्सीचा स्वतःचा ट्रक मात्र पेट्रोलवरच चालायचा. व्हर्लीन रोज पहाटे स्तोत्र वाचायची, बुधवारचा उपास कधी मोडला नव्हता. इतक्या वर्षांत देवानं तिच्याकडे ट्रक मागितला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "परीक्षा होऊ दे, मग बघू."

गुरुवारी पुन्हा तीच गर्दी. दोन प्रश्न सुरळीत झाले. तिसऱ्याला मिसेस प्रुइटचे ओठ हलत राहिले, आवाज गडप. इकडचा तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही.

"ट्रक, सिस्टर! अजून वेळ आहे!"

व्हर्लीन उठली आणि भिंतीवरचा फोन थेट शिक्षिकेला लावला. हे याआधी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आवाज गेलेला नाही गं," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "येतोय, पण तुझा नाही. किल्ल्या खुळखुळतायत आणि कापड घासतंय."

व्हर्लीननं ते मोठ्यानं सांगितलं.

"साखळ्या!" डॉर्सी किंचाळला. "सैतानाच्या साखळ्या त्या!"

"आवाजाच्या सेटिंगमध्ये जा," फोनवरून शांत सूचना आली. "मायक्रोफोनच्या यादीत खूण कशावर आहे?"

"हात लावू नकोस! अंगात शिरेल!"

"शिरू दे, ब्रदर. दोनदा नापास केलंय, आणखी काय करणार?" तिनं यादी उघडली आणि जे दिसलं ते हळू आवाजात वाचलं. "'डॉर्सीचे इअरबड.'"

ती डॉर्सीकडे वळली.

"खिसा दाखवा, ब्रदर."

"देवाच्या माणसाची झडती?"

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," पुढच्या बाकावरचा म्हातारा खाणकामगार क्लेटस म्हणाला आणि त्यानं डॉर्सीचा खिसा उलटा केला. तंबाखूची डबी पडली, किल्ल्यांचा जुडगा पडला, आणि हिरवा दिवा लुकलुकणारं, कानात घालायचं एक बिनतारी यंत्र.

महिन्यापूर्वी आशीर्वादासाठी म्हणून डॉर्सीनं व्हर्लीनचा लॅपटॉप रात्रभर ठेवून घेतला होता. तेव्हाच हे यंत्र त्याला जोडून ठेवलेलं. खिशात कळ दाबली की लॅपटॉप आपला कान आणि तोंड सोडून डॉर्सीच्या खिशातून ऐकायचा, बोलायचा. पुन्हा दाबली की जागेवर. हाच तो चमत्कार! सैतान काढायला अक्कल लागत नाही. आधी आपणच घातलेला असला की झालं.

"मी... मी तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेत होतो," डॉर्सी पुटपुटला.

"परीक्षा माझी चाललीय, ब्रदर. तुम्ही जरा बाहेर थांबा." तिनं सेटिंगमध्ये लॅपटॉपच्याच मायक्रोफोनवर आणि स्पीकरवर खूण केली. "बाई, ऐकू येतंय?"

"स्वच्छ. प्रश्न तिसरा: रुग्ण एकाएकी बोलेनासा झाला, तर आधी काय कराल?"

"जवळ जाऊन नीट बघेन. आरडाओरडा करणार नाही."

त्या दिवशी ती पास झाली.

देव मानणाऱ्यांनी देव खुशाल मानावा, प्रार्थना करावी, उपास करावा. पण लॅपटॉप मुका झाला तर आधी तो म्यूट तर नाही ना ते बघा, कुठला मायक्रोफोन निवडलाय ते बघा, समोरच्याला फोन करून त्याला काय ऐकू येतंय ते विचारा. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. आणि जो कोणी म्हणेल "हात लावू नका", त्याला पहिल्यांदा विचारा, का?