वेगळा कप

पुण्याच्या डॉक्टरांनी थायरॉईडवर किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली आणि बजावलं, "लक्ष्मीबाई, गळ्यातली ग्रंथी लागेल तेवढं आयोडीन ओढून घेईल. उरलेलं रक्तातून फिरून थुंकीतून, घामातून, लघवीतून बाहेर पडेल. लहान पोराची ग्रंथी ते चटकन शोषते. आठ दिवस नातीला जवळ घेऊ नका."

शेळगावला घरी आले, तर सून तेजश्रीनं मागच्या खोलीत माझा वेगळा कप मांडून ठेवलेला. माझं डोकंच फिरलं. माझ्या आजीचा गावच्या हॉटेलात असाच वेगळा कप असायचा, दाराबाहेर खिळ्याला अडकवलेला. "माझ्याच घरात मला वेगळा कप? न्हाय चालायचं!" म्हणत मी घरातल्या कपातून चहा प्याले आणि मुद्दाम तो ओट्यावर ठेवला.

थोड्या वेळानं बघते तर तीन वर्षांची यशोधरा तोच कप धरून उभी. माझ्या कपाच्या तळाची साखर रोज तिचीच असते. तिचं बोट कपात होतं. चाटलं होतं की चाटणार होती, कळेना. कप हिसकावायला पुढं झाले आणि थबकले. माझे हात घामानं ओले होते.

मला बघून तिनं कप खाली ठेवला आणि हसत माझ्याकडंच धावली.

"लांब हो!" मी किंचाळले. "शिवू नगंस मला!"

पोर जागच्या जागी थांबली, माझी आजी गावच्या वाटेवर थांबायची तशी.