चुन्याखालचा लाल रंग

मित्रांनो, बुराओ शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, गंज खात उभा असलेला जो रोलर तुम्हाला दिसतो, तो मी. एवढे मोठे माझे धूड, पण स्वभावाने मी भित्रा. हसू नका. मी जी जमीन पाहिली ती तुम्ही पाहिली असती, तर तुमचीही बोबडी वळली असती.

दूरदेशीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. जहाजातून मी बर्बेराच्या बंदरावर उतरलो आणि या शहराचे रस्ते दाबू लागलो. मग युद्ध आले. घरे, दुकाने, शाळा सगळे धुळीला मिळाले. लोक पळून गेले आणि मी रस्त्यावर वाळू खात एकटा पडलो. तेव्हा सैनिक यायचे, समोरच्या बाभळीजवळच्या जमिनीत सुरुंग पुरायचे आणि वरची माती सारखी करून निघून जायचे. हे सारे माझ्या देखत. त्या दिवसांत जी भीती माझ्या अंगात शिरली ती आजवर गेलेली नाही.

युद्ध संपल्यावर गेल्लेने मला शोधून काढले. गेल्ले माझा ड्रायव्हर. त्याने माझ्या पोटातली वाळू उपसली, मोडक्या ट्रकचे सुटे भाग मला बसवले आणि मी पुन्हा धडधडू लागलो. आमच्याकडे टोपणनावाशिवाय कोणाची सुटका नाही. माझे नाव पडले 'डेगोले', म्हणजे बहिरा, कारण माझ्या आवाजापुढे कोणाचेच काही ऐकू येत नसे. गेल्लेची मुलगी इदिल रोज त्याच्यासाठी उंटिणीचे दूध घेऊन यायची आणि जाताना माझ्या पत्र्यावर थाप मारायची. माझे एवढे लाड आणखी कोणी केले नाहीत.

आमचे बुराओ आणि शेजारचे हर्गेसा, दोन्ही शहरे युद्धात सारखीच बेचिराख झाली होती. पण उठताना दोघांचा एक डोळा एकमेकांवर. त्यांनी दवाखाना बांधला की आमचा एक मजला उंच हवा. मुहुबोच्या चहाच्या टपरीवर हर्गेसाचा ट्रकवाला थांबला की जुंपलीच म्हणून समजा.

"काय गं मुहुबो, याला रस्ता म्हणायचं की उंटाची पाठ?"

"तुमच्या रस्त्यावर दिवे लागलेत म्हणे," मुहुबो चहात साखर ढवळत म्हणायची. "बरं झालं बाई. खड्डे तरी नीट दिसत असतील!"

हे टोमणे सर्वांत जास्त झोंबायचे ते हाजी दिरियेंना. रस्ता समितीचे ते प्रमुख, आणि सगळ्या गावाचे 'अदेर', म्हणजे काका. त्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमवली. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. रस्ता झाला आणि हाजींनी ईदला हर्गेसाच्या पाहुण्यांना तो पाहायला बोलावले.

आता एक गोष्ट ऐका. सुरुंग काढणाऱ्यांची एक खूण असते. जिथे धोका आहे तिथे लाल दगड, जिथली जमीन तपासून झाली तिथे पांढरा. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे कळते. बाभळीजवळच्या तुकड्याचे काम राहिले होते आणि त्याच्या कडेने लाल दगडांची रांग होती.

ईदच्या तोंडावर हाजींनी हुकूम सोडला. "कडेचा दगडन् दगड चुन्याने रंगवा. पाहुण्यांना एकही लाल दगड दिसता कामा नये. म्हणतील, यांच्या दारात अजून मरण पेरलेलं आहे." रंगवणाऱ्यांनी हुकूम तंतोतंत पाळला.

पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा सपाट करायला गेल्लेने मला तिकडे वळवले. बाभूळ तीच, जमीन तीच, पण लाल दगड एकही नाही! थांब रे गेल्ले, थांब, असे मी जीव तोडून ओरडत होतो. पण माझे ओरडणे म्हणजे धडधडच. दगडांची रांग ओलांडून मी बाभळीपर्यंत गेलो, आणि तिथे बाभूळ पाहून गेल्लेला लाल दगडांची रांग आठवली असावी, त्याने मला बंद केले. माझ्या चाकानेच दाबलेल्या पट्ट्यावर पाय ठेवत तो मागे रांगेपर्यंत गेला आणि किल्लीने एक दगड खरवडला. चुन्याखालून लाल रंग निघाला.

गेल्ले तसाच रस्त्याकडे धावला. हाजी रस्त्यावरच उभे होते.

"अदेर, हे दगड परत लाल करा. आजच्या आज."

"ईद होऊ दे, मग करू."

"तोवर कोणी आत गेलं तर?"

"बाभळीखाली मरायला कोण जातंय? अरे, हर्गेसाचे लोक येतायत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

आणि गेल्ले गप्प बसला. त्याचेही तेच शहर होते ना!

ईद आली. पाहुणे आले. हाजींचे भाषण रंगात आले होते. नवा झगा घातलेली, हातांवर मेंदी काढलेली इदिल गर्दीतून बाहेर पडली. मी एकटा उभा असलेला तिला दिसलो आणि ती पांढऱ्या दगडांवरून उडी मारून थेट माझ्याकडे धावत सुटली. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदाच माझ्या जन्माचा राग आला. हात नाहीत, जीभ नाही, नुसते वजन.

"इदिल! हलू नकोस! तिथे सुरुंग आहेत!"

गेल्ले ओरडला. हर्गेसाच्या सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडला. भाषण थांबले. इदिल जागच्या जागी थिजली.

"आब्बे, मी काय केलं?" तिने बापाला विचारले.

"काही नाही केलंस, बाळा. फक्त पाय उचलू नकोस."

तो आत धावणार तोच मुहुबोने त्याचा सदरा धरला. "ती चाकाच्या वाटेवर नाहीये. तू गेलास तर दोघंही जाल."

सुरुंग काढणाऱ्यांना बोलावणे गेले. ते लांब होते. भर उन्हात इदिल एकटी उभी होती. तेव्हा बायकांनी तिला धीर यावा म्हणून गाणे सुरू केले. आधी कोणी सुरू केले, आमच्या बायकांनी की त्यांच्या, हे कोणी विचारले नाही. पाहुण्यांपैकी एक म्हातारा हाजींना हळूच म्हणाला, "आमच्याकडेही आहेत असे दगड. आम्हीही पाहुण्यांना तिकडून नेत नाही."

सुरुंग काढणारा आला. पोटावर झोपून तो बोटाबोटाने पुढे सरकला. इदिलच्या पुढ्यात, तिचे पुढचे पाऊल पडले असते तिथेच, त्याला सुरुंग सापडला. तिला खांद्यावर घेऊन तो आल्या वाटेने परतला.

गेल्ले धुळीत बसला होता. हाजी त्याच्याजवळ गेले. "गेल्ले, माझ्यामुळे..."

"नाही, अदेर," गेल्ले म्हणाला. "तुम्ही चुना लावायला सांगितलंत. मी तो खरवडून पाहिला होता."

दगड आता पुन्हा लाल आहेत. बाभळीखालचे काम अजून पुरे झालेले नाही, म्हणून मीही इथेच आहे. मित्रांनो, आपल्या गावाचा अभिमान जरूर बाळगा, शेजारच्या गावाची खुशाल थट्टा करा. पण लाज वाटते म्हणून धोक्याची खूण कधी पुसू नका, आणि पुसलेली दिसली तर गप्प बसू नका.

इदिल शाळेतून येताना रोज रस्त्यावर थांबते आणि लांबूनच मला हात करते. तिने पूर्वीसारखे यावे, पत्र्यावर थाप मारावी, असे मला फार वाटते. पण मला बोलता येत नाही, तेव्हा माझ्या वतीने तुम्हीच तिला सांगा. म्हणावे, येऊ नकोस.