शोभेचा पुढचा ब्रेक

मला ओळखलंत का, मित्रांनो? नाहीच ओळखणार. गाडीचं कौतुक सगळे करतात, माझ्याकडे कोण बघतो? मोटारसायकलच्या उजव्या मुठीपुढे जी वाकडी, पातळ दांडी असते ना, तो मी. पुढचा ब्रेक. गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या जुन्या मोटारसायकलवर माझं आयुष्य गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं मी नुसता शोभेला होतो. राग येतो हो मला! आज तो बोलूनच टाकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा काय रुबाब होता माझा! माझ्यापासून एक तार निघते आणि पुढच्या चाकात उतरते. मला दाबलं की ती तार ओढली जाते आणि चाक आतून धरलं जातं. तपासणाऱ्या बाईंनी मला दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा! खरा थांबवणारा तर हाच." त्यांचं बरोबर होतं. गाडी थांबताना सगळा भार पुढे येतो, म्हणून पुढचं चाक रस्त्याला जास्त घट्ट चिकटतं. थांबवण्याचं मोठं काम माझं, मागचा ब्रेक माझा जोडीदार. त्या बाईंचं कौतुक मी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं, कारण नंतर कुणी केलंच नाही.

मास्तरांच्या मैदानावर चुन्याने मोठा आठ आखलेला होता. लायसन्सच्या परीक्षेत पाय न टेकता आठ काढावा लागतो, म्हणून तिथे सकाळपासून आठच चालायचा. आता आठ काढताना हँडल वळलेलं असतं आणि गाडी अगदी रांगत असते. अशा वेळी कुणी घाबरून मला करकचून आवळलं की गाडी आडवी! दोन-चार शिष्य असे आपटले आणि मास्तरांनी हुकूम सोडला, "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मागचाच दाबायचा!"

आठापुरतं ते ठीक होतं, मी नाही कुठे म्हणतो? पण आठ संपला की रस्ता सुरू होतो, आणि तिथे माझ्याशिवाय भागत नाही. हे सांगायचं कुणी? मास्तरांनी सांगितलं तर नाहीच, वर एक दिवस पाना आणून माझी तारच ढिली करून टाकली. मग मला पार मुठीला टेकवलं तरी चाक आपलं खुशाल फिरतंय.

"मास्तर, मग हा बसवलाय कशाला?" एका शिष्याने विचारलं.

"शोभेला!" मास्तर म्हणाले. सगळे खो खो हसले आणि मी आतल्या आत जळत राहिलो.

एका न्हाव्याने तर असा सुरेख आठ काढला की मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. लायसन्स मिळालं आणि थोड्याच दिवसांत गडी लंगडत आला. समोर कुत्रं आलं, याने जीव खाऊन मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक जागीच अडकलं आणि गाडी फरफटत गटारात. मास्तर काय म्हणाले असतील? "नशीब समज, पुढचा नाही दाबलास!" आणि न्हाव्याने मान डोलावली! मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण मला कपाळ नाही.

मग मास्तरांची मुलगी शिकायला आली. ती नर्स. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांची सेवा करायची नोकरी तिला मिळत होती, पण अट एकच, आधी मोटारसायकलचं लायसन्स आण. बापाने तिच्याकडून आठ घोटून घेतला. तिची आत्या, म्हणजे मास्तरांची बहीण, स्वतःच्या मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायची. ती अंगणात गाडी लावता लावता म्हणाली, "दादा, पोरीला नीट थांबायला शिकव. रस्त्यावर कुणी आठ काढत जातं का?"

"इतकी वर्षं शिकवतोय मी. तू नको सांगूस."

"राहू दे. मीच शिकवते."

आणि तिने आपल्या गाडीवर भाचीला शिकवलं. "आधी गाडी सरळ. मग दोन्ही ब्रेक बरोबर. पुढचा झटक्यात नाही आवळायचा, लिंबू पिळतो तसा दाब वाढवत न्यायचा. पुढे वळण किंवा वाळू दिसली तर वेग आधीच कमी करायचा. कळलं?" पोरगी हुशार, तिला लगेच जमलं. मी शेजारी उभा राहून सगळं ऐकत होतो आणि मनात ओरडत होतो, अगं बाई, मलाही एकदा दाबून बघ! पण बापाच्या गाडीवर ती बापाचं ऐकायची. माझ्याकडे हात आलाच नाही.

परीक्षेच्या सकाळी ती पुढे, मास्तर मागे. दोघांची हेल्मेटं डोक्यावर, पट्टे लावलेले. रस्त्याकडेला एक ट्रक उभा होता. त्याच्या आडून एक आजोबा सायकल ढकलत थेट समोर आले.

मित्रांनो, तिने काही म्हणजे काही चुकवलं नाही. गाडी सरळ ठेवली, पाय मागच्या ब्रेकवर आणि बोटं माझ्यावर, हळूहळू दाब वाढवत. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला बोलावलं होतं! आणि मी? मी मुठीला जाऊन टेकलो. काहीच झालं नाही. तिने घाबरून पाय आणखी रेटला, मागचं चाक अडकलं, गाडी घसरली आणि ती उजव्या हातावर आदळली.

आजोबा वाचले. त्यांच्या सायकलचं चाक वाकलं. हेल्मेटं खरवडली पण डोकी शाबूत राहिली. मास्तर गुडघा धरून उठले आणि सवयीने बोलले, "नशीब, पुढचा..."

"बाबा, मी दाबला होता," ती मनगट पोटाशी धरून म्हणाली. "तो लागलाच नाही."

मास्तरांनी आडव्या गाडीजवळ बसून मला ओढलं. मी पुन्हा मुठीला टेकलो. लोक गाडी उचलायला आले तरी मास्तरांच्याने मला सोडवेना.

मनगट मोडलं, परीक्षा हुकली, नोकरी दुसरीला मिळाली. त्या संध्याकाळी मास्तरांनी तोच पाना आणला आणि माझी तार आवळली. दोन वेढे! अहो, फक्त दोन वेढ्यांचं काम होतं! मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा नुसता संताप झाला.

आता मास्तर नव्या शिष्याला गाडीवर बसण्याआधी मला दाबून बघायला लावतात. आठाशेजारी एक सरळ पट्टा आखलाय, तिथे दोन्ही ब्रेक लावून थांबायला शिकवतात. पण पलीकडच्या मैदानावरचा मास्तर अजून ओरडतच असतो, "पुढच्याला हात नको!" काय करावं या माणसांना? म्हणून तुम्हालाच विनवतो, मित्रांनो. मला घाबरू नका, मला शिकून घ्या. आणि गाडी कुणाचीही असो, निघण्याआधी मला एकदा दाबून बघा. क्षणभराचं तर काम आहे.

मुलीचं प्लास्टर निघालंय. डॉक्टरांनी मुठीचा व्यायाम सांगितलाय, त्यासाठी रबराचा चेंडूही दिलाय. पण ती रोज सकाळी अंगणात माझ्याकडेच येते. मास्तर गाडीखाली लाकडाचा ठोकळा सरकवून पुढचं चाक उचलतात आणि हाताने फिरवतात.

"दाब, बाळा."

ती दाबते. त्या दिवशी तिचा हात घट्ट होता आणि मी सैल होतो. आज मी घट्ट आहे आणि तिचा हात सैल आहे. चाक जरासं मंदावतं आणि फिरतच राहतं. मास्तर हाताने चाक थांबवतात आणि पुन्हा फिरवतात.