नव्या ठेकेदाराचा नारळ

आम्हा रस्ते झाडणाऱ्या बायकांना ठेकेदार विश्वजीतशेठ हातमोजे देत नव्हता, म्हणून मीच तक्रार केली होती. धमक्या ऐकल्या, हेलपाटे घालून चपला झिजवल्या. शेवटी कायदा मोडला म्हणून त्याचं नाव काळ्या यादीत गेलं, सरकारी ठेका बंद झाला. त्या दिवशी धायरीच्या हजेरी कोठीवर आम्ही पेढे वाटले.

आज नवा ठेकेदार नारळ फोडायला येणार होता. मुकादम म्हणाला, "मथुराबाई, ओवाळायला तुम्हीच थांबा."

मी ताट घेऊन दारात उभी राहिले. गाडीतून विश्वजीतशेठची बायको राजनंदिनी उतरली. ठेका आता तिच्या नावावर. मागून तिची पर्स सांभाळत तो उतरला. मला बघून हसलासुद्धा मेला! ताट हातात होतं. ओवाळलं.

नारळ फुटला. बाईंनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि काचेने चिरलेली बोटं बघून कळवळल्या, "अगं बाई! मावशी, हातमोजे का नाही घालत तुम्ही?"

मी शेठकडे बघितलं. तो पर्सची चेन लावण्यात गुंतला होता.

मी खोबरं तोंडात टाकलं आणि झाडू उचलला.