दाब, धर, सोड

ब्रेकचं पेडल तिच्या पायाखालून पुन्हा खाली गेलं. झटक्याने नाही, झोपेला आलेल्या मुलाचं डोकं खांद्यावर उतरावं तसं, हळूहळू, तळाला टेकेपर्यंत.

"धर!" मागच्या चाकाखालून आवाज आला.

"धरलंय हो. पाय जागेवर आहे, पेडलच चाललंय."

"जोर लाव. मुंगी मरेल म्हणून घाबरतेयस का?"

तिने पाय उचलला, भराभर दोनदा दाबला. पेडल दगडासारखं घट्ट झालं. मग तिने पाय तसाच रोवून धरला आणि श्वास रोखला. पेडल पुन्हा खाली निघालं. संध्याकाळी याच गाडीने जायचं होतं ते स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी होतं. घरापासून तिथवर सगळा उतार, आणि शेवटच्या वळणाला कठडा नव्हता.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला मिस्त्री म्हणे. आयुष्यभर त्यांनी या शेडमध्ये लोकांच्या गाड्या उभ्या केल्या होत्या आणि आयुष्यभर ब्रेकमधली हवा काढताना पेडलवर तिचा पाय असायचा. ते खालून म्हणत, दाब, धर, सोड. ती वरून म्हणे, दाबलं, धरलं, सोडलं. गाण्याच्या ओळी वाटून घ्याव्यात तसं.

"चाकं कोरडी, पाइप कोरडे," हात पुसत ते म्हणाले. "गळती कुठेच नाही. गेल्याच आठवड्यात मी ब्रेकच्या तेलाची टाकी भरली. म्हातारी नखरे करतेय, दुसरं काही नाही."

म्हातारी म्हणजे गाडी. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून घरी ती हिच्यातूनच आली होती. आज तीच मुलगी आपलं तान्हं बाळ घेऊन संध्याकाळच्या ट्रेनने यायची होती.

"आजच्यापुरती टॅक्सी सांगू या का?"

"आजोबा मिस्त्री आणि नात टॅक्सीत? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." ते हसले. "दोन म्हाताऱ्या सांभाळतोय मी. एकीचे गुडघे कुरकुरतात, दुसरीचं तोंड."

तीही हसली, पण पाय पेडलवरून निघेना. परवा ते गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवून बसले होते. ती धावत गेली, तेव्हा कुणाची तरी वाट बघतोय, म्हणाले. कुणाची, ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

ते चहा घ्यायला आत गेले तशी तिने बॉनेट उचललं आणि ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण फिरवलं. झाकणातलं रबर फुगलं होतं, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखं. तिने बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. मग वाटीत पाणी घेऊन आली. ही युक्ती त्यांचीच होती: ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं, इंजिनचं मिसळत नाही.

बोटावरचे थेंब तिने वाटीत सोडले. पाण्यावर सोनेरी टिकल्या तरंगत राहिल्या. तिने वाटी हलवली. टिकल्या फुटल्या, पुन्हा एक झाल्या, पण विरल्या नाहीत.

"काय बघतेस?"

तिने वाटीवर तळहात ठेवला. मिस्त्रींनी तो हळूच बाजूला केला. वाटीकडे पाहिलं, झाकणातल्या रबराकडे पाहिलं.

"टाकीत इंजिनचं तेल?" ते म्हणाले. "मी ओतलं?"

"माझीच चूक," ती घाईने म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवशी मी फळी आवरली. डबे इकडचे तिकडे झाले."

"फळीला हात लावू नकोस म्हणून कानीकपाळी ओरडलो असेन."

"ओरडला होतात. विसरले मी."

"विसरलीस!" त्यांचा आवाज चढला. तिला बरं वाटलं. ओरडू देत, ती मनात म्हणाली, भरपूर ओरडू देत.

ते फळीकडे गेले. तिथल्या डब्यांवर नावं नव्हती. नावं कशाला हवीत, माझ्या हाताला पत्ते पाठ आहेत, असं ते सांगत. त्यांनी पहिला डबा उचलला. खाली तेलाचं जुनं काळं वर्तुळ होतं, भोवती धुळीचा जाड थर. दुसरा उचलला. वर्तुळ. तिसऱ्याखालीही. एकही डबा जागचा हलला नव्हता. प्रत्येक डबा त्यांनी ज्याच्या त्याच्या वर्तुळावर अलगद परत ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"लेकीला फोन कर," शेवटी ते म्हणाले. "टॅक्सीने ये म्हणावं. या तेलाने ब्रेकची रबरं फुगलीत, सगळी बदलावी लागतील. ही आज बाहेर पडायची नाही."

तिने अंगणात जाऊन फोन लावला.

"बाबा टॅक्सीला हो म्हणाले?" मुलीने विचारलं. "आई, बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत. गाडीची रबरं गेलीत," ती म्हणाली आणि पदराने कपाळ टिपलं.

परत आली तेव्हा मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर होते. मागच्या चाकापाशी गोणपाट अंथरलं होतं; त्यावर पाना, नळी आणि रिकामी बाटली मांडून ठेवली होती.

"वाईट तेल तरी काढून टाकू," समोरच्या काचेतून बाहेर बघत ते म्हणाले. "तू बस खाली."

"मी?"

"तू सांग. मी दाबतो."

ती गोणपाटावर बसली. नळी चाकामागच्या निपलला, तेल सोडायच्या बारीक तोटीला लावली, दुसरं टोक बाटलीत सोडलं. इतक्या वर्षांत या जागेवरून तिने गाडी पाहिली नव्हती. इथून त्यांचे बूट दिसत नव्हते, चेहराही नाही.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलं."

तिने पान्याने निपल सैल केली. तेल नळीतून बाटलीत उतरलं. तिने निपल पुन्हा आवळली आणि कलंडणारी बाटली सरळ केली.

मग वरून आवाज आला, अगदी हलका, शेजारी कुणी ऐकू नये असा.

"पुढे काय म्हणायचं असतं गं?"

तिने पाना दोन्ही हातांनी धरला.

"सोडा, म्हणायचं," ती म्हणाली. "सोडा आता. मग परत दाबा. मी सांगते ना."